चढावर गिअरबॉक्स ओरडतो आणि तापतो, रीबिल्डच करावा लागेल का?

मैलाचा दगड | डेन्व्हर, कोलोरॅडो

मंडळी, जरा काळजीत लिहितोय. माझ्याकडे २०१२ची पिकअप आहे. व्ही-८ पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, फोर बाय फोर, १ लाख ३८ हजार मैल झालेत. मागे ५,२०० पौंडांचा, म्हणजे साडेतेवीसशे किलोंचा कॅम्पर ओढतो. गेली चार वर्षं दर उन्हाळ्यात आय-७० महामार्गावरून पश्चिमेला, डोंगरात जातो, कधी तक्रार नव्हती.

गेल्या शनिवारी जॉर्जटाउन सोडल्यावर चढाला बारीक 'कुंईं' असा आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. सिल्व्हर प्लूमच्या पुढे गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा २२० फॅरनहाइटच्या वर गेला. आयझेनहॉवर बोगद्याला दोनेक मैल राहिले असताना २४३ झाला, म्हणजे ११७ सेल्सिअस, आणि डॅशवर इशारा आला. गाडी कडेला घेतली. पार्कमध्ये टाकून, हँडब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून पाऊण तास उभा होतो. आत बायको आणि दोन मुलं, बाजूनं मोठे ट्रक धडाधड जातायत. पुन्हा तशी वेळ येऊ द्यायची नाहीये.

दोन गॅरेजना दाखवली. पहिल्यानं एक चक्कर मारली आणि सांगितलं, रीबिल्ड, म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण उघडून नव्यानं बांधायचा, ४,८०० डॉलर. दुसरा म्हणाला टॉर्क कन्व्हर्टर गेलाय, २,२००. खाली शिरून दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. खर्च करायला मी तयार आहे, पण नक्की काय बिघडलंय ते आधी कळायला हवं. जुलैच्या मध्यात पुन्हा त्याच रस्त्यानं जायचंय.

घाटमाथा | सातारा

दादा, माझ्या दोन गाड्या पुणे-कोल्हापूर चालतात, त्यातली एक ऑटोमॅटिक आहे. खंबाटकीला गर्दी असली की ड्रायव्हर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवायचा. क्लचप्लेट जळाली, वास सुटला, गाडी तिथंच बसली. तुमचंही तेच वाटतंय. क्लचप्लेट बघून घ्या.

दंतचक्र | चाकण

घाटमाथा दादा, तुमची गाडी एएमटी आहे. आत नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचीच क्लचप्लेट असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. मैलाचा दगड यांच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचप्लेट नाहीच, टॉर्क कन्व्हर्टर आहे. दोन्हींना आपण 'ऑटोमॅटिक'च म्हणतो, पण तापण्याची कारणं अगदी वेगळी.

मी गिअरबॉक्सच्या टेस्ट बेडवर काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचा पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या जोरानं समोरचा, गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद तेलात उष्णता होऊन जाते. वेग जमला की आतला लॉकअप क्लच दोघांना एकत्र बांधतो आणि उष्णता तयार होणं जवळपास थांबतं. लांब चढाला लॉकअप सुटत राहिला तर चांगला गिअरबॉक्ससुद्धा तापेल. म्हणजे तुमचं तापणं आणि तुमचा आवाज एकाच कारणाचे असतील असं धरून चालू नका, आणि वेगळे असतील असंही धरू नका.

आवाजासाठी पैसे न लागणाऱ्या तीन गोष्टी करा. गाडी गरम असताना, सपाट जागी.

पहिली, पार्कमध्ये इंजिन दोन हजार आरपीएमपर्यंत न्या. आवाज पार्कमध्येही येतो का, आणि इंजिनाबरोबर चढतो का? येत असेल तर संशय पंपावर, फिल्टरवर आणि तेलाच्या पातळीवर. पंप कन्व्हर्टरच्या मानेवरून थेट इंजिनाच्या वेगानं फिरतो, गाडी उभी असली तरी.

दुसरी, ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये टाका. पार्कमध्ये कन्व्हर्टरचे दोन्ही पंखे जवळपास एकत्र फिरत असतात. डी मध्ये ब्रेकवर गिअरबॉक्सकडचा पंखा थांबतो आणि इंजिनाकडचा फिरत राहतो. आवाज नेमका इथंच सुरू होत असेल तर कन्व्हर्टरच्या आतलं बेअरिंग. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं की खोटं ते इथं कळेल. ॲक्सिलरेटर मात्र दाबू नका. ब्रेकवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची स्टॉल टेस्ट आत्ता अजिबात नको, आधीच तापलेल्या तेलाची ती वाट लावेल.

तिसरी, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० मैलांना क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन खाली येऊनही आवाज चाकांच्या वेगानं चालूच राहिला तर गिअरबॉक्सचा नाद सोडा आणि मागचं बेअरिंग, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग बघा. एखाद्याच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्या गिअरचा प्लॅनेटरी संच, म्हणजे दातेरी चाकांचा संच.

आणि आवाज सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत गाडीवर काय काय काम झालं ते आठवून लिहा. अगदी किरकोळ वाटलं तरी.

तेलकट हात | चंद्रपूर

ताईंनी आवाजाचं बरोबर सांगितलं. मी तेलाचं सांगतो. मी कोळसा खाणीत डंपरवर काम करतो, बावीस वर्षं झाली. आमच्या ६० टनी डंपरला कन्व्हर्टरवालाच गिअरबॉक्स असते, आणि कन्व्हर्टरच्या तेलाचा काटा ऑपरेटरच्या नजरेसमोर. मे महिन्यात आमच्याकडं हवाच ४५-४६ ला जाते. भरलेला डंपर खदानीच्या तळातून वर येताना काटा १२० सेल्सिअसला टेकला की ऑपरेटर थांबवते, त्याला विचारावं लागत नाही.

भाऊ, तुमच्या गाडीला गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी आहे ना? मग आधी पट्टी काढा. गाडी सपाट जागी, तेल गरम, इंजिन चालू, पार्कमध्ये. पांढऱ्या कापडावर पट्टी टेकवा आणि नीट पाहा. लाल किंवा तांबूस असेल तर ठीक. काळं आणि जळका वास असेल तर गिअरबॉक्सच्या आतल्या, गिअर बदलणाऱ्या क्लचच्या प्लेटा खाल्ल्या गेल्या. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी मिसळलं, मग गाडी एक फूटही चालवू नका. आणि बुडबुडे दिसले तर मला कळवा.

बुडबुड्यांचं काऊन म्हणतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक डंपर असाच ओरडत होता. पंप बदलला, तरी ओरडे. शेवटी पंपाकडं जाणाऱ्या सक्शन होजची क्लिप अर्धा आटा ढिली निघाली. तेल बाहेर एक थेंब येत नव्हतं, कारण तिथं ओढ असते, दाब नसते. बाहेर तेल येण्याऐवजी आत हवा जाते. हवा मिसळलेलं तेल उष्णता वाहून नेत नाही आणि दाबही धरत नाही. पंप ओरडते, क्लच घसरते, तेल तापते. एका ढिल्या क्लिपेनं तिन्ही गोष्टी केल्या.

वाळूचा रस्ता | शारजा

वाचतोय. मीही पिकअपला बोट लावून हजर पर्वतातून खोरफक्कानला जातो, उन्हाळ्यात ४५ अंशांत. एक विचारतो, ओझं ओढताना वापरायचं टो/हॉलचं बटण दाबता का? साध्या डी मध्ये चढाला गिअरबॉक्स चौथा-पाचवा-सहावा असा घुटमळत राहतो आणि प्रत्येक बदलाला लॉकअप सुटतो. टो/हॉलमध्ये तो खालचा गिअर धरून ठेवतो. इंजिन जास्त फिरतं, कानाला बरं वाटत नाही, पण तेल थंड राहतं.

ब्लूटूथचा ओबीडी रीडर घ्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचतो, ३०-४० डॉलरला मिळतो. तेलाचं तापमान आणि कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे त्या दोन पंख्यांच्या वेगातला फरक, दोन्ही आकड्यांत दिसतात. लॉकअप बसल्यावर स्लिप शून्याच्या आसपास हवी. बसल्यावरही दोनशे-तीनशे आरपीएम दाखवत असेल तर लॉकअप घसरतोय. पी०७४१ हा कोड त्याचाच. पी०२१८ दिसला तर तो फक्त तेल तापल्याचं सांगतो, का तापलं ते सांगत नाही.

मैलाचा दगड | डेन्व्हर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सगळं करून बघितलं.

आवाज पार्कमध्येही येतो आणि इंजिनाबरोबर चढतो. डी मध्ये ब्रेकवर काही वेगळं होत नाही, उलट आरपीएम थोडे उतरतात तसा तोही थोडा उतरतो. धावत्या गाडीत न्यूट्रल केलं की इंजिनाबरोबर खाली येतो. एक गोष्ट मला आधी लक्षात आली नव्हती. सकाळी गाडी थंड असताना आवाज नसतोच. पंधरा-वीस मिनिटं चालवल्यावर सुरू होतो.

मग पट्टी. रंग लालच आहे, वास जळका नाही. पातळी मात्र वरच्या खुणेच्याही अर्धा इंच वर, आणि पट्टीवर ताकावर येतो तसा बारीक फेस. मी पट्टी पुसून तीनदा बघितली, तिन्ही वेळा फेस. टॉर्चच्या उजेडात एकेक बुडबुडा फुटताना दिसत होता.

कोड फक्त पी०२१८ आहे. लॉकअप बसल्यावर स्लिप १० ते २०. टो/हॉल मी आजवर उतारालाच वापरत होतो, चढाला नाही. ती माझी चूक.

आणि दंतचक्र ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. आवाज सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी, सीझनच्या अगोदर म्हणून, एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलून घेतलं होतं. नवीन तेल, नवीन फिल्टर, म्हणजे ती बाजू तरी नक्की चांगली, असं मनात धरून बसलो होतो. म्हणून वर लिहिलंही नाही.

दंतचक्र | चाकण

हे पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी तीन चाचण्या लिहिल्याच नसत्या! असो, त्यांचा उपयोग झाला. कन्व्हर्टर संशयातून सुटला, लॉकअप चांगला आहे, मागचं सगळंही संशयातून सुटलं. उरलं पंपाचं ओढणं.

फेस दोन कारणांनी होतो. एक, तेल जास्त भरलंय आणि फिरणारे भाग ते घुसळतायत. दोन, पंप तेलाबरोबर हवा ओढतोय. पातळी वर दिसण्यावरून जास्त भरलंय असं लगेच ठरवू नका, कारण फेसानंही पातळी फुगते. रात्रभर गाडी उभी राहू द्या. सकाळी सुरू करून लगेच, फेस व्हायच्या आत, पट्टीवरची थंडीची खूण बघा. तिथं पातळी बरोबर असेल तर तेल बरोबर आहे आणि हवा शिरतेय.

कुठून शिरते तेही जवळपास सांगता येतं. तुमच्या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये फिल्टरची मान वर पंपाच्या भोकात घुसते आणि तिथं एक रबर-धातूचं सील असतं. ते सील पॅनमधल्या, म्हणजे खालच्या तबकातल्या तेलाच्या पातळीच्या वर असतं. फिल्टर ओढून काढताना जुनं सील पुष्कळदा भोकातच अडकून राहतं. ते काढायला छोट्या छिन्नीनं एक कड आत वळवावी लागते, आणि जपून, कारण भोक ॲल्युमिनियमचं आहे, ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार. कुणी घाईत जुन्यावरच नवं सील दाबलं तर मान पूर्ण बसत नाही.

तेल थंड आणि घट्ट असताना त्या फटीतून हवा कमी जाते, गरम होऊन पातळ झालं की जास्त. तुमचा पंधरा मिनिटांनंतरचा आवाज यात बसतो.

झटपट | नाशिक

एवढं उघडण्यापेक्षा बाजारात गिअरबॉक्सचा आवाज घालवणारी बाटली मिळते, ती ओतून बघा. माझ्या मित्राच्या गाडीचा आवाज कमी झाला होता.

दंतचक्र | चाकण

कृपया नको. ऑटोमॅटिकच्या तेलात घर्षणाचं प्रमाण ठरवणारी रसायनं मोजून घातलेली असतात. क्लचप्लेटा किती पकडतील आणि किती अलगद पकडतील ते त्यावर ठरतं. डेक्स्रॉन, मर्कॉन, एटीएफ+४ हे वेगवेगळे स्पेसिफिकेशन याचसाठी आहेत. आणि बाटलीनं आवाज दबला तरी हवा शिरतच राहणार, तेल तापतच राहणार. फक्त इशारा देणारा आवाज जाईल. मुलाबाळांना घेऊन चढ चढणाऱ्या माणसाला हा सल्ला देऊ नये असं मला कळकळीनं वाटतं.

तेलकट हात | चंद्रपूर

ताईंशी सहमत. आणि भाऊ, पॅन उघडाल तेव्हा समोरचे कूलरही पाहून घ्या. हवेनं आवाज येते हे खरं, पण तीन आठवडे गाडी बिनलोडची चालली ना? मग चढालाच एवढं तापलं म्हणजे थंड करणारी बाजूही कमी पडत असेल. आमच्या रेडिएटरमध्ये कोळशाची भुकटी तेलाबरोबर चिकटून बसते. समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छ, दोन थरांच्या मध्ये पाहिलं तर भिंत. एसीची जाळीही तिथंच असते. एसी कसा लागतो तुमचा, सिग्नलला उभं असताना?

मैलाचा दगड | डेन्व्हर

एसी! सिग्नलला कोमट हवा येते, गाडी पळाली की गार. मी गॅस कमी झाला असं समजत होतो.

मैलाचा दगड | डेन्व्हर

शनिवारचा पूर्ण दिवस गेला. नीट लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सकाळी थंडीतली पातळी बरोबर निघाली. गाडी चार स्टँडवर घेतली. पॅनचे बोल्ट एका कोपऱ्याकडचे आधी ढिले केले आणि तेल खाली घेतलं, साधारण सहा क्वार्ट, म्हणजे पावणेसहा लिटर. पॅनमधलं चुंबक काढून बघितलं. त्यावर करडा, मऊ लेप होता, बोटांत चोळला तर काजळासारखा पसरला. कण टोचले नाहीत, पितळेची चमक नाही, काळ्या खपल्या नाहीत. हे बघून पहिल्यांदा जीव भांड्यात पडला.

मग फिल्टर खाली ओढला. हाताला जवळपास जोर लागलाच नाही, आणि तो घट्ट असायला हवा होता. वर टॉर्च मारली. भोकात एक सील बसलेलं, कड काळपट. माझ्या हातातल्या फिल्टरच्या मानेवर दुसरं सील, कोरं, आणि त्याची एक बाजू चेपून आत वळलेली. म्हणजे ताईंनी लिहिलं अगदी तेच. जुनं सील काढायला मला पन्नास मिनिटं लागली. छिन्नीचं टोक कडेला टेकवून हलके ठोके, मग पक्कडीनं पिळून. भोकाला ओरखडा नाही, बोट फिरवून तीनदा खात्री केली. नव्या सीलला तेलाचा हात लावून ते सरळ बसवलं. सीलची किंमत दहा डॉलरच्या आत.

आता कूलर. समोरची जाळी काढली. गिअरबॉक्सचा कूलर आणि एसीचा कंडेन्सर (एसीची जाळी) यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तिथं करड्या पांढऱ्या नमद्यासारखा थर होता. आमच्याकडे जूनमध्ये कॉटनवुडची झाडं कापूस सोडतात, रस्त्याच्या कडेला बर्फासारखा साचतो. तो कापूस, त्यात धूळ, त्यात किडे. खालचा जवळपास अर्धा भाग बंद. सुईच्या पक्कडीनं ओढला तर एका तुकड्यात निघाला, पिंजून बसवलेल्या गादीच्या कापसासारखा. मग बागेच्या नळीनं, कमी दाबानं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला धुतलं. प्रेशर वॉशर वापरला नाही, पात्या वाकतात.

तेल भरल्यावर कूलरची परतीची नळी काढून बादलीत सोडली. निष्क्रिय गतीला २० सेकंदांत एक क्वार्टच्या वर तेल आलं, आणि ते बुडबुड्यांशिवाय आलं. स्वच्छ, सलग, लाल धार. ती बघत मी गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ बसलो.

वाळूचा रस्ता | शारजा

वाचनखूण साठवली. एक भर घालतो. तुमची गाडी टर्बोशिवायची आहे. तुमच्या बोगद्याच्या उंचीला, ११ हजार फुटांवर, हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते, म्हणून पाय जास्त दाबावा लागतो, लॉकअप सुटतो. आणि कूलरमधून जाणारी हवाही तितकीच विरळ. उष्णता वाढते तिथंच ती घालवायची सोय कमी होते. त्यामुळे त्या बोगद्याला मोकळा कूलर आणि टो/हॉल दोन्ही लागणारच.

घाटमाथा | सातारा

मी सुरुवातीला चुकीचं सांगितलं, पण इथं बसून खूप शिकलो. आमच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये काल उसाच्या पाचटाचा कचरा निघाला. उद्या दुसरी गाडी धुऊन घेतो.

मैलाचा दगड | डेन्व्हर

जाऊन आलो. तोच कॅम्पर, तेवढंच सामान, जॉर्जटाउनपासून टो/हॉल चालू, ताशी ५० मैल. बोगद्याच्या तोंडाशी २०६ फॅरनहाइट, म्हणजे ९७ सेल्सिअस. रिकामी गाडी शहरात १८५वर राहते. आवाज नाही. मोठ्या मुलीनं मागून विचारलं, "बाबा, आज ती शिट्टी का नाही वाजत?"

जिथं फिल्टर बदलला होता त्या गॅरेजला दोन्ही सील पिशवीत घालून दाखवली. मालकानं ती बराच वेळ हातात धरून बघितली, चूक मान्य केली आणि पैसे परत दिले.

एक विचारायचं राहिलं. तेल तर नवीनच आहे, पण ते एकदा २४३ला तापलंय. ठेवू की बदलू?

तेलकट हात | चंद्रपूर

बदला भाऊ. तेल एकदा तसं तापलं की त्याचं आयुष्य घटते. दर दहा अंश सेल्सिअसला आयुष्य निम्मं, असा आमचा जुना आडाखा आहे. पॅन काढल्यावर निम्मंच तेल निघते, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून हजारेक मैल चालवा आणि पुन्हा एकदा पॅनमधलं बदला. फिल्टरला मात्र आता हात लावू नका.

खारं वारं | न्यू जर्सी

धागा वर काढतेय, क्षमस्व. माझ्या नवऱ्याच्या कामाच्या ट्रकला आयडलला पार्कमध्ये 'टक टक टक' असा आवाज येतो, डी मध्ये टाकला की बदलतो, जवळपास जातोच. गॅरेजवाले म्हणतात इंजिनाचं बेअरिंग गेलं, इंजिन खाली घ्यावं लागेल. तेल तापत नाही. वरचं सगळं वाचून आधी इथं विचारावंसं वाटलं.

दंतचक्र | चाकण

इंजिन उतरवायच्या आधी खालचं छोटं झाकण काढून फ्लेक्सप्लेट बघायला सांगा. इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी ती पातळ चकती. तिचे बोल्ट ढिले झाले किंवा मधोमध चीर गेली तर अगदी बेअरिंगसारखाच ठोका येतो, आणि डी मध्ये भार आला की तो बदलतो. बॅटरीची तार काढा, पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं हळूहळू फिरवा आणि एकेक बोल्ट तपासा. बोल्टभोवती लालसर पूड दिसतेय का ते खास बघा, तो ढिल्या लोखंडानं एकमेकांवर घासल्याचा गंज असतो.

खारं वारं | न्यू जर्सी

आत्ता ट्रकखालूनच टाइप करतेय. सहापैकी दोन बोल्ट हातानं फिरले. दोन्हींभोवती लाल पूड आहे, कुंकवासारखी. चकतीला चीर दिसत नाही. नवरा टॉर्क रेंच आणायला गेलाय.